जर्मन आणि व्हिएतनामी: कठीण भाषा कशाला म्हणायचं?



आजच्या व्याख्यानाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, ही जोडी जमवली कोणी? एक भाषा युरोपच्या मध्यावरची, दुसरी आग्नेय आशियातल्या समुद्रकाठची. तर ही जोडी इतिहासानंच जमवलेली आहे. 1955 पासून आजतागायत हजारो व्हिएतनामी माणसं जर्मन शिकत आली आहेत, आणि त्यांना शिकवताना काही जर्मन लोकही व्हिएतनामी शिकले. त्या शिकण्याची कथा मी शेवटी सांगणार आहे. आधी भाषांकडे पाहू.

भाषा शिकू पाहणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हा, की यातली सोपी कुठली? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक भाषासंस्था आहे. तिच्या अंदाजानं जर्मन व्यावसायिक कामाला पुरेल इतकी यायला 36 आठवडे लागतात आणि व्हिएतनामीला 44. झालं, लोक म्हणतात, निकाल लागला. पण त्याच यादीत व्हिएतनामीच्या गटात आपली हिंदी बसलेली आहे! आता मराठी माणसाला हिंदी कठीण आणि जर्मन सोपी, असं कोण म्हणेल? ती यादी मोजते इंग्रजीपासूनचं अंतर, आणि आपण ते भाषेच्या अंगचा कठीणपणा समजून बसतो.

माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगतो. कठीणपणा कुठल्याही भाषेतून नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो. आणि शिकणाऱ्याला तो किती जाचेल, हे व्याकरणाइतकंच त्याला शिकायला किती वेळ दिला गेला यावर ठरतं.

भाषांची उतरंड

मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, म्हणून सुरुवात तिथून करतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन विद्वानांना संस्कृतचं वेड लागलं होतं. 1808 मध्ये फ्रीडरिश श्लेगेलनं भारतीयांची भाषा आणि त्यांचं ज्ञान यावर पुस्तक लिहिलं. शब्दाचं मूळ आतून बदलतं, त्याला रूपं फुटतात, अशा भाषा त्यानं जिवंत झाडासारख्या मानल्या. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, आणि अर्थातच जर्मन. दहा वर्षांनी, 1818 मध्ये, त्याचा भाऊ आउगुस्ट विल्हेल्म यानं तीन वर्ग पाडले: व्याकरणाची रचनाच नसलेल्या भाषा, प्रत्यय चिकटवणाऱ्या भाषा आणि विकारी, म्हणजे रूपं चालवणाऱ्या भाषा. पहिल्या वर्गाचं ठरलेलं उदाहरण चिनी. त्याच मापानं व्हिएतनामीही त्याच खोलीत जाते, कारण तिच्यात शब्दाचं रूप कधीच बदलत नाही. विभक्ती नाही, क्रियापदाचे प्रत्यय नाहीत, अनेकवचनाचं रूप नाही.

विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट हा या मंडळींतला सगळ्यात खोल माणूस. 1825 आणि 1826 मध्ये बर्लिनच्या अकादमीत त्यानं भगवद्गीतेवर व्याख्यानं दिली होती. प्रत्येक भाषा म्हणजे जगाकडे पाहण्याची एक स्वतंत्र दृष्टी, हा विचार त्याचाच. चिनी भाषेचं मोठेपणही त्यानं मान्य केलं होतं. पण मनाला सगळ्यात अनुकूल रचना विकारी भाषांचीच, हा आग्रह त्यालाही सोडवला नाही. म्हणजे पाहा, दृष्टी अनेक आहेत असं म्हणायचं आणि त्यांना पायऱ्यांवर उभं करायचं! या विसंगतीचा निवाडा तत्त्वज्ञान्यांपेक्षा शिकणाऱ्यानं चांगला केला आहे. कसा, ते पाहू.

जर्मनचं ओझं दारातच

जर्मनचा कठीणपणा पहिल्या दिवशी दारात उभा असतो. नामाला तीन लिंगं: डेर, डी, डास. टेबल पुल्लिंगी, सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि मुलगी? मुलगी नपुंसकलिंगी! मार्क ट्वेननं 1880 मध्ये यावर आख्खा विनोदी निबंध लिहून ठेवला. पण मुलीच्या नपुंसक असण्याला साधं कारण आहे. ‘मेट्शेन’ या शब्दाच्या शेवटचा ‘शेन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. आपण ‘ते पोर’, ‘ते कोकरू’ म्हणतोच की. इंग्रज माणसाला तीन लिंगं म्हणजे संकट वाटतं. मराठी माणूस जन्मापासून तो, ती, ते करत वाढतो. लिंगं प्रत्येक शब्दागणिक नव्यानं पाठ करावी लागतील, पण कल्पना घरचीच आहे.

पुढे चार विभक्ती. तीन लिंगं आणि अनेकवचन असे चार स्तंभ, गुणिले चार, म्हणजे 16 घरांचा तक्ता. तक्ता पाहून पोरं घाबरतात. पण नीट मोजलं तर त्या 16 घरांत शब्द फक्त 6 आहेत, तेच फिरून फिरून येतात. आणि ‘घराला, घराचं, घरात’ म्हणणाऱ्याला विभक्तीची भीती ती काय?

वाक्यरचनेची एक गंमत सांगतो. ‘की तो उद्या पुण्याला जाणार आहे’ हे उपवाक्य घ्या. जर्मनमध्ये: ‘दास एर मोर्गन नाख पुणे फारेन विर्ट’. दास म्हणजे की, एर म्हणजे तो, मोर्गन उद्या, नाख पुणे पुण्याला, फारेन जाणार, विर्ट आहे. एकेक शब्द जागच्या जागी! इंग्रजीतून जर्मन शिकणारा इथे धडपडतो, कारण त्याला क्रियापद वाक्याच्या टोकापर्यंत मनात धरून ठेवायची सवय नसते. आपण तेच दिवसभर करतो. आमच्याकडे मात्र जर्मन इंग्रजीच्या वाटेनं शिकवतात आणि हा फायदा वाया जातो.

व्हिएतनामीचं व्याकरण लपलेलं

आता हेच वाक्य व्हिएतनामीत. क्रम असा होतो: की – उद्या – तो – भविष्यखूण – जा – पुणे. ‘जा’ला काही झालं नाही, ‘पुणे’ला काही लागलं नाही. काळ दाखवणारा छोटा शब्द आधी येतो आणि संदर्भ स्पष्ट असेल तर तोही गाळतात. ‘काल मी जा बाजार’ एवढं म्हटलं की पुरे. पहिल्या आठवड्यात शिकणारा खूश असतो: या भाषेला व्याकरणच नाही! आउगुस्ट श्लेगेल नेमका याच आठवड्यात थांबला होता, असं मी गमतीनं म्हणतो.

दुसऱ्या आठवड्यात मोजणी येते. नुसतं ‘दोन पुस्तक’ म्हणता येत नाही. संख्या आणि नाम यांच्यामध्ये जातीचा शब्द लागतो: प्राण्यांना एक, निर्जीव वस्तूंना दुसरा, पुस्तकांना तिसरा. आणि प्राण्यांचा शब्द, ‘कॉन’, हा नदीला, रस्त्याला आणि सुरीलाही लागतो. का? हलतं, वाहतं, चालतं, असा काहीसा धागा सांगतात. पण शेवटी पाठच करावं लागतं, जसं जर्मनमध्ये सूर्याचं लिंग पाठ करावं लागतं. नामांची वर्गवारी दोन्ही भाषा करतात. जर्मन ती उपपदात करते, व्हिएतनामी मोजणीच्या शब्दात.

तिसऱ्या आठवड्यात खरी परीक्षा: ‘मी’ आणि ‘तू’. जर्मनमध्ये ‘मी’ला एकच शब्द, ‘इश’. राजा असो की रंक. ‘तू’साठी ‘डू’ आणि ‘तुम्ही’साठी ‘झी’, संपलं. व्हिएतनामीत साधारण व्यवहारात सर्वनामांच्या जागी नात्याचे शब्द येतात. समोरचा माझ्याहून थोडा मोठा असेल तर तो ‘दादा’ आणि मी ‘धाकटा’. आजोबांच्या वयाचा असेल तर तो ‘आजोबा’ आणि मी ‘नातू’. म्हणजे तोंड उघडण्यापूर्वी समोरच्याचं वय कळायला हवं. म्हणूनच व्हिएतनामी लोक पहिल्या भेटीत वय विचारतात. तो आगाऊपणा नसतो, व्याकरणाची गरज असते.

जर्मन शिकणारा इथे पार गोंधळतो, कारण काका आणि मामा त्याच्याकडे दोघेही ‘ओंकेल’, आत्या आणि मावशी दोघीही ‘टांटे’. व्हिएतनामीत आत्या वेगळी, मावशी वेगळी, मामा वेगळा, आणि वडिलांचा थोरला भाऊ व धाकटा भाऊ हेही वेगळे. मराठी माणूस रिक्षावाल्याला ‘दादा’ आणि भाजीवालीला ‘मावशी’ म्हणतोच. फरक एवढाच, की आपला ‘मी’ मात्र ‘मी’च राहतो. पण तोही नेहमी नाही. लहान मुलाशी बोलताना आई म्हणते ना, ‘थांब हं, आई देते तुला’? तिथे तिनं ‘मी’ सोडून नातं वापरलं. व्हिएतनामी माणूस हेच दिवसभर करतो.

आणखी एक. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जातो’ यांत ऐकणाऱ्याला धरलं की वगळलं, हा भेद आपण करतो. व्हिएतनामीतही त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. जर्मनकडे एकच, ‘व्हीर’. आता सांगा, उतरंडीवर वर कोण आणि खाली कोण?

सूर कुठून आले

व्हिएतनामीचं सगळ्यात गाजलेलं वैशिष्ट्य म्हणजे सूर. उत्तरेकडच्या बोलीत सहा, दक्षिणेत पाच. एकाच ‘मा’चे, सूर बदलला की, अर्थ होतात भूत, पण, गाल, कबर, घोडा आणि भाताचं रोप. दक्षिणेत त्यातल्याच एका सुरात आईही येते. आईला हाक मारायला जावं आणि भूत यावं, अशी शिकणाऱ्याची अवस्था.

हे सूर पाहून 1912 मध्ये आंरी मास्पेरो या थोर फ्रेंच पंडितानं व्हिएतनामीचं नातं थाई कुळाशी जोडलं होतं. 1954 मध्ये आंद्रे-जॉर्ज ओद्रिकूर यानं कोडं सोडवलं. त्यानं दाखवलं, की व्हिएतनामीत पूर्वी सूर नव्हतेच. शब्दांच्या शेवटी काही व्यंजनं होती, ती झिजून गेली आणि जाताना स्वराची चाल मागे ठेवून गेली. पुढे शब्दारंभीच्या व्यंजनांचा मृदू-कठोर भेदही पुसला गेला आणि तीन सुरांचे सहा झाले. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पंजाबीत ‘घोडा’मधला ‘घ’ गेला आणि त्याच्या जागी खालचा सूर आला, हे त्याच जातीचं उदाहरण.

तर व्हिएतनामीचं कूळ थाई किंवा चिनी ठरलं नाही, ते ठरलं ऑस्ट्रो-आशियाई. आणि या कुळाची मंडळी आपल्याकडे आहेत: मेघालयात खासी, झारखंड-बंगालात संथाळी आणि महाराष्ट्रात, मेळघाटात, कोरकू. दोन, तीन, चारला व्हिएतनामीत म्हणतात हाय, बा, बोन. संथाळीत बार, पे, पोन. कान देऊन ऐका, नातं ऐकू येतं.

जर्मनचं नातं तर थेट आपल्याशी. याकोब ग्रिमनं 1822 मध्ये व्यंजनबदलाचे नियम मांडले. संस्कृत ‘द्वि’, इंग्रजी ‘टू’, जर्मन ‘त्स्वाय’. संस्कृत ‘त्रि’, इंग्रजी ‘थ्री’, जर्मन ‘द्राय’. शब्द एकच, व्यंजन पायरीपायरीनं सरकलेलं. म्हणजे एका भाषेत हरवलेलं व्यंजन सूर होऊन उरलं, दुसरीत सरकलेलं व्यंजन शब्दांच्या जोड्या लावून गेलं. आणि दोन्ही भाषांची दूरची भावंडं याच आपल्या महाराष्ट्रात बोलली जातात!

लिपी: मिळकत आणि किंमत

शिकणाऱ्याच्या सुदैवानं दोन्ही भाषा आज रोमन लिपीत आहेत. जर्मनला एकत्र आणण्यात मार्टिन लूथरच्या बायबलचा मोठा वाटा. नवा करार 1522 मध्ये आला, संपूर्ण बायबल 1534 मध्ये. व्हिएतनामी शतकानुशतकं चिनी चिन्हांत आणि ‘नॉम’ नावाच्या, चिनी धर्तीवर घडवलेल्या देशी लिपीत लिहिली जाई. सतराव्या शतकात पोर्तुगीज वळणाच्या जेझुइट पाद्र्यांनी तिला रोमन अक्षरं दिली. फ्रान्सिस्को द पिना यानं पाया घातला आणि अलेक्सांद्र द रोद याचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश 1651 मध्ये रोमला छापला गेला. हा द रोद 1619 मध्ये गोव्यात उतरून पुढे गेला होता. त्याच गोव्यात तीन वर्षांपूर्वी, 1616 मध्ये, थॉमस स्टीफन्सचं मराठी क्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापलं गेलं होतं. एकाच संघाचे पाद्री, एकच पोर्तुगीज वर्णमाला, एका टोकाला मराठी आणि दुसऱ्या टोकाला व्हिएतनामी. आपल्याकडे तो प्रवाह आटला, तिकडे तो राष्ट्राची लिपी झाला. आधी फ्रेंच सत्तेनं ती रेटली, मग फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्यांनीच ती हाती घेतली, आणि सप्टेंबर 1945 मध्ये हो ची मिन्ह यांच्या सरकारनं तिच्यातून साक्षरतेची मोहीम काढली.

किंमतही मोजावी लागली. आजचा व्हिएतनामी माणूस आपल्याच देवळावरचा जुना लेख वाचू शकत नाही. जर्मनीत 1941 मध्ये नाझी सरकारनं जुनी गॉथिक वळणं बंद केली. आज नातवाला आजीची पत्रं लागत नाहीत. हसू नका, आपल्यापैकी किती जणांना पणजोबांचं मोडीतलं खतपत्र वाचता येतं?

शब्दांचे सांधे

इस्पितळाला जर्मनमध्ये म्हणतात ‘क्रांकेनहाउस’, म्हणजे आजाऱ्यांचं घर. व्हिएतनामीत ‘बेन्ह व्हियेन’, म्हणजे आजार आणि संस्था. मराठीत रुग्णालय. रेल्वेला जर्मन म्हणतो ‘आइझेनबान’, म्हणजे लोखंडाची वाट, आपला लोहमार्ग. व्हिएतनामीतही लोहमार्गाला ‘लोखंडी रस्ता’च म्हणतात, आणि गाडीला ‘से लुआ’, म्हणजे शब्दशः आगगाडी! नवी वस्तू समोर आली की माणूस घरातलेच दोन शब्द सांधतो. जर्मन लिहिताना ते चिकटवते, व्हिएतनामी सुटे ठेवते. लांबलचक जर्मन शब्दाला घाबरणाऱ्यानं फक्त सांधा शोधायचा.

शिकणाऱ्यांचा इतिहास

आता मुख्य गोष्टीकडे येतो. व्हिएतनामी माणसाला जर्मन कठीण जाते ती कुठे? लिंग-विभक्तींच्या आधी, उच्चारात. व्हिएतनामी शब्दाच्या शेवटी मोजकीच व्यंजनं येतात आणि तीही तोंडातच थांबतात. जर्मनमध्ये शरद ऋतूला म्हणतात ‘हेर्प्स्ट’. शेवटी व्यंजनांची रांगच! ती गिळली गेली की ऐकणारा म्हणतो, याला भाषा येत नाही.

1955 पासून पूर्व जर्मनीत, ड्रेस्डेनजवळच्या मोरित्सबुर्ग इथे, सुमारे साडेतीनशे व्हिएतनामी मुलं शिकायला आणली गेली. ती शाळेत वाढली, वर्षानुवर्षं जर्मन ऐकत राहिली आणि उत्तम जर्मन बोलू लागली. हो ची मिन्ह 1957 मध्ये त्यांना भेटून गेले.

1980 मध्ये दोन्ही सरकारांनी कामगारांचा करार केला. 1989 अखेर पूर्व जर्मनीत सुमारे 60,000 व्हिएतनामी कंत्राटी कामगार होते. त्यांना भाषेचे वर्ग मिळाले काही आठवड्यांचे, फार तर तीनेक महिन्यांचे. यंत्राचे भाग, धोक्याच्या सूचना, पाळीच्या वेळा, एवढं आलं की बस. राहायला वेगळी वसतिगृहं. कराराची मुदत संपली की परत पाठवायचंच होतं, मग भाषा कशाला शिकवा? मोरित्सबुर्गची काही मुलं मोठी होऊन याच कामगारांचे दुभाषे झाली. इकडे पश्चिम जर्मनीत 1979 च्या सुमारास नावांतून पळालेले निर्वासित पोचले. त्यांना राहण्याचा हक्क मिळाला आणि सरकारी खर्चानं भाषेचे वर्गही.

मातृभाषा तीच, शिकायची भाषा तीच, आणि फळं तीन तऱ्हांची. 1990 नंतर कारखाने बंद पडले, कामगारांपैकी जे मागे राहिले ते अर्ज-कचेऱ्यांत अडखळू लागले. ऑगस्ट 1992 मध्ये रोस्टॉकला जमावानं त्यांची इमारत पेटवली, तेव्हा शंभरावर माणसं आत अडकली होती. या कामगारांच्या तुटक्या जर्मनकडे बोट दाखवून लोक म्हणत, यांना आमची भाषा जमत नाही. खरं म्हणजे तिला वेळच दिला गेला नव्हता. पुढे याच लोकांच्या मुलांच्या शाळेतल्या यशाबद्दल जर्मनीत भरभरून लिहिलं गेलं. एका पिढीत मेंदू बदलला होता का? बदलले ते तास. श्लेगेलची उतरंड पुस्तकातून गेली, पण लोकांच्या मनातून इतक्या सहज जात नाही.

हे आज सांगण्याचं कारण आहे. रुग्णसेवेसाठी जर्मनीत जायचं तर साधारण बी-1 किंवा बी-2 पातळीची जर्मन लागते. हनोईतली मुलगी त्यासाठी बसते आणि आपल्याकडचीही. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. घरचे पैसे, वर्ष-दीड वर्ष, सगळं एका परीक्षेवर लागलेलं असतं. अशा मुलीनं दोन महिन्यांत अडकल्यावर ‘मला भाषा येतच नाही’ असं स्वतःला सांगू नये. आणि तिला घाईत तीन महिन्यांत ‘तयार’ करून देणाऱ्यांना तिच्या पालकांनी आधी एकच प्रश्न विचारावा: तास किती?

शिकणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी सांगून थांबतो. जर्मन नाम एकटं कधी पाठ करू नका, उपपदासकट करा, जसं आपण ‘ती खुर्ची’ म्हणतो. व्हिएतनामी शब्द सुरासकट पाठ करा, सूर हा शब्दाचा अलंकार नाही, तो शब्दच आहे. व्हिएतनामीत पहिले तीन महिने कान आणि जीभ यांना द्या, मग रस्ता मोकळा आहे. जर्मनमध्ये वेळ व्याकरणाला द्या, पण मराठीतून द्या, इंग्रजीचा वळसा घेऊ नका. आणि कुठलीही भाषा पहिल्या आठवड्यात सोपी वाटली, तर समजा की तिचं व्याकरण अजून तुम्हाला भेटलेलं नाही.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर आता घेऊ.